लिंबू, बीट आणि रस्त्यावरचा दिवा

‘दारात काहीतरी वेगळं लावायचंय. सगळ्यांकडे आहे ते नको. रंगीत हवं, येणाराजाणारा थांबून बघेल असं हवं. काय लावू?’

तासगावात नवं घर झालं, वास्तुशांत उरकली, की पंधरा दिवसांत हा प्रश्न येतोच. मागच्या बागेला मराठीत परसबाग असा नेमका शब्द आहे. पुढच्या बागेला आपण नुसतं ‘दार’ म्हणतो. ‘त्यांच्या दारात बघ काय बोगनवेल फुललीय!’ परसातला कढीपत्ता, अळू, शेवगा घराच्या उपयोगाचा. दारातलं झाड मात्र रस्त्यानं जाणाऱ्याच्याही वाटणीचं असतं, म्हणून त्याची निवड जास्त मनापासून करावी असं मला वाटतं.

बहुतेक जण ती नर्सरीत उभं राहून करतात. रोप फुललेलं असतं, रंग डोळ्यांत भरतो, पैसे देऊन घरी आणतात. नर्सरीत त्याच्या डोक्यावर शेडनेट होतं, पिशवीत भुसभुशीत मिश्रण होतं, पाणी मोजून मिळत होतं. दारात त्याच्या वाट्याला काळी माती, बोअरचं पाणी आणि एप्रिलचं ऊन येतं. तीन महिन्यांनी पानं पिवळी, फूल एकही नाही.

रंग शेवटी बघावा. आधी माती, मग पाणी, मग उजेड. गंमत अशी की या तिन्हींचं ज्ञान तासगावातल्या घराघरांत आधीच आहे. द्राक्षबागेत माणूस सामू, ईसी (म्हणजे क्षारांचं माप), ताण, छाटणी याबद्दल रोज बोलतो आणि दारात आला की ते सगळं बागेतच ठेवून येतो. या प्रकरणात ते बागेतून दारात आणू.

१. लिंबू पिळून बघा

अंगणातली मूठभर कोरडी माती बशीत घ्या. ढेकळं फोडा आणि वर अर्धं लिंबू पिळा. आता बशी कानाशी न्या. बारीक चरचर ऐकू आली, मातीवर बुडबुडे दिसले, तर मातीत चुनखडी आहे. मातीत शेंगदाण्याएवढे पांढरट खडे असतील तर त्यातला एक वेगळा काढून त्यावर थेंब टाका. तिथं फसफस स्वच्छ दिसते. लिंबाचं आम्ल आणि चुनखडी भेटली की कर्बवायू सुटतो, ती ही चरचर.

चुना आपल्याच मातीत का राहिला? पावसामुळे, म्हणजे पावसाच्या कमीपणामुळे. महाबळेश्वरला वर्षात ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. सह्याद्री ओलांडून ढग तासगावपर्यंत येतात तेव्हा त्यांच्यात फार काही उरलेलं नसतं; इथला पाऊस साधारण ५०० ते ६०० मिलिमीटरचा. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसानं लाखो वर्षं माती धुऊन चुना वाहून नेला, मागे लाल लोहाचा जांभा राहिला. इथं धुवायला पाणीच पुरलं नाही.

आता सामू म्हणजे काय ते बघू. आंबटपणा मोजायची ती पट्टी आहे, ० ते १४ आकड्यांची. मधला ७ म्हणजे ना आंबट ना खारा. लिंबाचा रस २ च्या आसपास, खायच्या सोड्याचं पाणी ८ च्या थोडं वर, चुन्याची निवळी १२ च्या पुढे. पट्टीवर एक घर सरकलं की आंबटपणा दहापट बदलतो. चुनखडीच्या काळ्या मातीचा सामू बहुधा ८ ते ८.५ असतो. एक्झोरासारख्या झाडाला साडेसहाच्या आसपासची माती आवडते. साडेसहा आणि साडेआठ ही दोन घरं झाली. दहा गुणिले दहा, म्हणजे शंभरपटींचा फरक.

हा फरक झाडाला लोहातून जाणवतो. आपल्या मातीत लोह भरपूर आहे, पण सामू चढला की ते पाण्यात विरघळत नाही आणि मुळं विरघळलेलंच उचलू शकतात. दुकानात माल आहे पण शटर खाली आहे, अशी गत. आमच्या शेजारच्या वहिनींनी हौसेनं फाटकाच्या दोन्ही बाजूंना लाल एक्झोरा लावला. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत कोवळी पानं लिंबासारखी पिवळी आणि त्यांच्यावर शिरांचं हिरवं जाळं. खत कमी पडलं असं समजून त्यांनी युरिया घातला. उपयोग झाला नाही, कारण दुखणं नत्राचं नव्हतं. नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानांतलं काढून नव्याला देतं, म्हणून आधी जुनी पानं पिवळी पडतात. लोह असं हलवता येत नाही, म्हणून आधी नवी पानं पिवळी पडतात. वहिनींचे यजमान द्राक्षवेलीवर हे लक्षण शंभर पावलांवरून ओळखतात.

म्हणून लिंबू टाकल्यावर माती बोलली तर एक्झोरा, अझेलिया, गार्डेनिया आणि जांभळ्याचा पांढरा होत जाणारा ब्रुनफेल्सिया ही झाडं थेट जमिनीत लावू नयेत. फारच हौस असेल तर मोठ्या कुंडीत वेगळी माती करून, पावसाचं साठवलेलं पाणी घालून सांभाळावीत. हायड्रेंजियाच्या निळ्या गुच्छांचे फोटो बघून अनेकांना मोह होतो. त्याचा निळा रंग मातीतल्या विरघळलेल्या ॲल्युमिनियममुळे येतो आणि ते आंबट मातीतच विरघळतं. आपल्या मातीत तोच हायड्रेंजिया गुलाबी होतो, आणि आपल्या उन्हाळ्यात बहुधा टिकतच नाही.

२. बीटाच्या घरातली फुलं

बोअरच्या पाण्यावर वाढवलेल्या कुंडीची कड बघा. मातीच्या रेषेला पांढरी खळ धरलेली असते. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. अशा पाण्यावर कोणतं फूल तग धरेल? एक सोपी खूण आहे, आणि ती स्वयंपाकघरातून सुरू होते.

जास्वंदीची एक पाकळी पांढऱ्या कागदावर घासा. जांभळट डाग उमटेल. त्यावर लिंबाचा थेंब टाकला की तो गुलाबी होतो, सोड्याचं पाणी टाकलं की निळसर-हिरवट. निळ्या गोकर्णाचा डागही असाच रंग पालटतो. आता बोगनवेलीचं रंगीत पान घासा. गुलबक्षी डाग पडेल. लिंबू टाका, गुलबक्षीच. सोडा टाका, जवळजवळ गुलबक्षीच.

लाल-जांभळे दिसणारे हे रंग मुळात दोन वेगळी रसायनं आहेत. जास्वंद, गोकर्ण, गुलाब, जांभूळ आणि काळं द्राक्ष यांच्यात अँथोसायनिन असतं. बोगनवेलीत असतं बेटालेन, म्हणजे बीट चिरल्यावर बोटांना लागतं ते. निसर्गातल्या कुठल्याच झाडात हे दोन्ही रंग एकत्र सापडलेले नाहीत. झाडांचा एक मोठा गोतावळा बीटाच्या रंगावर चालतो, बाकीचे बहुतेक दुसऱ्यावर.

त्या गोतावळ्यात कोण कोण आहे? भाज्यांत बीट, लाल माठ, राजगिरा, घोळ, कुरडू. फुलांत बोगनवेल, गुलबक्षी, कोंबडा, बटणफूल आणि ज्याला आपण ऑफिस टाइम किंवा चिनी गुलाब म्हणतो तो पोर्टुलाका. शिवाय फड्या निवडुंग आणि ड्रॅगनफ्रूटसकट सगळी कॅक्टस मंडळी. यांतल्या कित्येकांची मूळ वस्ती कोरड्या, तापणाऱ्या, खारवट जागी. बीटाचा रानटी पूर्वज तर युरोपच्या समुद्रकाठी उगवतो. म्हणून बोअरच्या जड पाण्याचं त्यांना फारसं वाटत नाही. रंगामुळेच सोसण्याची ताकद येते असा अर्थ यातून काढू नये. पण खूण म्हणून रंग उपयोगी आहे.

कोंबडा हा कुरडूचाच भाऊबंद. जिथं कुरडू आपोआप माजतो तिथं कोंबड्याला वेगळं लाडवावं लागत नाही. मखमलीच्या घडीसारखा किरमिजी तुरा, पिवळा तुरा, शेंदरी तुरा. त्यावरून बोट फिरवलं की मांजराच्या कानासारखं लागतं. ऑफिस टाइम घोळीच्या भाजीचं भावंड आहे. चिमटीत धरलं तर पान सुईसारखं पण आत पाण्यानं भरलेलं, त्यामुळे दोन दिवस पाणी चुकलं तरी चालतं. पिवळा, नारिंगी, राणी, पांढरा, पट्ट्यांचा असे सगळे रंग एका पाटीत मिळतात. फांदी मोडून ओल्या मातीत खोचली की आठवड्याभरात मूळ धरते. एवढ्या कमी कष्टात एवढा रंग देणारं दुसरं झाड मला माहीत नाही.

३. काटा होणार की फूल?

‘आमची बोगनवेल नुसती वाढते हो, फुलत नाही’ ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. वेल गच्चीपर्यंत गेलेली असते, पानं तकतकीत आणि काटे बोटभर लांब.

आधी बोगनवेलीचं फूल नीट बघू. रंगीत झुपका तोडून हातात घ्या. तीन कागदी पानं एकमेकांना टेकलेली दिसतील. प्रत्येकाच्या आतल्या शिरेवर एक बारीक नळी चिकटलेली असते आणि तिच्या टोकाला मलईच्या रंगाची चांदणी. फूल म्हणजे ती चांदणी. बाकीचा सगळा रंग पानांचा. ही पानं किड्यांना हाक मारायला रंगतात. युरोपीय वनस्पतिशास्त्राला हा वेल भेटला १७६७ मध्ये, ब्राझीलच्या रिओ दि जानेरोजवळ. फ्रेंच दर्यावर्दी बोगनविल यांच्या पृथ्वीप्रदक्षिणेत कॉमर्सन नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांच्याबरोबर पुरुषवेशात झान बारे नावाची बाई मदतनीस म्हणून वावरत होती. पृथ्वीला वळसा घालणारी पहिली स्त्री म्हणून आज तिचं नाव घेतात. वेलीला मात्र नाव मिळालं जहाजाच्या कप्तानाचं.

आता काट्याकडे येऊ. पानाच्या बगलेत एक डोळा असतो. त्याचा एक तर काटा होतो, नाही तर फुलांचा झुपका. जागा तीच, सुरुवात तीच. वेलीला भरपूर पाणी, भरपूर नत्र मिळालं की तिच्यात वाढीचं संजीवक जोर धरतं आणि डोळा काट्याकडे वळतो. वाढ आवरली, पाणी तुटलं की तोच डोळा फुलाकडे वळतो.

तासगावच्या माणसाला हे नवं वाटू नये. द्राक्षवेलीवर घड आणि बाळी एकाच सुरुवातीतून येतात. जिबरेलिन या संजीवकाचा जोर वाढला की घडाची बाळी होते, सायटोकायनिन पुरेसं असलं की घड बनतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीत घड धरावा म्हणून ज्या वेळी पाणी आणि नत्र आवरायचं, त्या वेळी ते आवरलं नाही तर ऑक्टोबरच्या फळ छाटणीनंतर काय दिसतं, हे इथं प्रत्येकाला ठाऊक आहे. बोगनवेलीचा हिशोब तोच आहे.

म्हणून पावसाळा सरला की बोगनवेलीची लांब काडी एक तृतीयांश ठेवून छाटा. नवे फुटवे बोटभर झाले की पाणी तोडा. दुपारी पानं थोडी मलूल दिसू लागली की एकदा भरपूर द्या आणि पुन्हा तोडा. डाळिंबाला ताण देतो तसंच. युरिया अजिबात नको. रोज संध्याकाळी मायेनं पाइप धरणारं माणूस घरात असेल तर बोगनवेल त्याच्या पाइपपासून लांब, कंपाउंडच्या कोपऱ्यात लावावी.

४. एकाच वेलीवर दुसऱ्या रंगाची फांदी

वेगळा रंग जन्माला येतो कसा? एक वाट बियाण्यातून जाते, तिच्याकडे पुढच्या भागात येऊ. दुसरी वाट जास्त अद्भुत आहे आणि तिचं उत्तम उदाहरण तासगाव तालुक्यातच आहे.

थॉम्पसन सीडलेस या द्राक्षाच्या बागेत हजारो वेली एकाच जातीच्या, छाट कलमानं वाढवलेल्या, म्हणजे एकमेकींच्या नकला. त्यांत एखादीच वेगळी निघते. बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी अशी वेगळी वेल हेरली, जपली, तिची कलमं केली आणि तास-ए-गणेश ही जात उभी राहिली. गावाचं आणि गावच्या गणपतीचं नाव घेऊन ती देशभर गेली. परागीकरण नाही, प्रयोगशाळा नाही. वाढणाऱ्या डोळ्यातल्या एखाद्या पेशीत बदल होतो आणि त्या डोळ्यातून फुटणारी फांदी वेगळी निघते. इथं नजर महत्त्वाची. वेल वेगळी आहे हे कुणीतरी बघावं लागतं.

फुलझाडांत असं सतत घडतं. बोगनवेलीची मेरी पामर नावाची जात कोलकात्यात अशीच एका फांदीतून निघाली. तिच्या एकाच फांदीवर पांढरे आणि गुलबक्षी झुपके शेजारी शेजारी येतात, कधी एकाच झुपक्यात दोन्ही रंग. थिम्मा ही त्याच घराण्यातली. फुलं तशीच दोनरंगी आणि पानांवर पिवळे शिंतोडे. वेगळं काहीतरी हवं म्हणणाऱ्याला मी पहिली थिम्मा सुचवतो, कारण फुलं नसतानाही तिच्या पानांकडे बघत राहावंसं वाटतं.

यातून दोन गोष्टी कामाच्या निघतात. अशी जात बियाण्यातून तशीच येत नाही, म्हणून काडी किंवा कलमच घ्या. आणि कधी शिंतोडेवाल्या झाडाच्या बुडातून एखादी निखळ हिरवी फांदी फुटते. तिच्यात हरितद्रव्य जास्त, म्हणून ती जोमानं वाढते आणि दोन वर्षांत सगळं झाड हिरवं करून टाकते. दिसताक्षणी ती बुडातून काढा.

५. दिवसभर बघायची फुलं

सगळ्यांत वेगळं फूल कोणतं, असं मला विचारलं तर मी दुर्मीळ फुलाचं नाव घेणार नाही. सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं दिसतं, त्या फुलाचं घेईन. दारातून दिवसातून चार वेळा जा-ये होते. दर वेळी नवं काही दिसावं.

मधुमालती संध्याकाळी पांढरी उमलते. दुसऱ्या दिवशी गुलाबी होते, त्यानंतर लाल. एकाच घोसात तिन्ही वयांची फुलं लोंबत असतात. पांढरं फूल अंधारात दिसतं आणि वास रात्री दरवळतो. ते बोलावणं लांब सोंडेच्या पतंगांना. उजाडल्यावर रंगलेली फुलं मधमाश्या आणि फुलपाखरांच्या नजरेत भरतात. मग काम झालेलं फूल झाड गाळून का टाकत नाही? घोस मोठा दिसला तर लांबून गिऱ्हाईक येतं, आणि जवळ आल्यावर रंगावरून कळतं की मध कुठल्या फुलात आहे. टणटणीच्या चेंडूतही आतली पिवळी आणि बाहेरची केशरी-लाल अशी मांडणी याचसाठी असते. टणटणी मात्र दारात आणू नका. रान गिळणारं ते झाड पक्ष्यांच्या पोटातून माळावर पोचतं.

जास्वंदीच्या कुळातलं एक झुडूप सकाळी पांढरं, दुपारी गुलाबी आणि मावळतीला लाल फूल दाखवतं. काही ठिकाणी त्याला स्थलकमळ म्हणतात. पाकळीत अँथोसायनिन तासातासानं साठत जातं आणि ऊब त्याला घाई करते. सकाळचं पांढरं फूल फ्रीजमध्ये ठेवलं तर संध्याकाळीही ते फिकटच राहतं. मुलांना दाखवायला यासारखा प्रयोग नाही.

पण माझं आवडतं झाड गुलबक्षी. जिच्या नावावरून आपण साडीचा रंग ओळखतो ती. मूळची अमेरिका खंडातली, पण आता इतकी आपली झालीय की कुणी मुद्दाम लावतच नाही, भिंतीकडेला ती आपली आपण येते. साडेपाचच्या सुमारास तिच्याजवळ बसून बघा. छत्री मिटल्यासारखी पीळ घातलेली कळी आधी टोकाशी सैल होते, मग पीळ उलगडत जातो आणि नळीवर घड्या पडलेला रंगीत पडदा ताणला जातो. त्याला आपण पाकळ्या म्हणतो, पण गुलबक्षीला पाकळ्याच नसतात. रंगलेलं ते निदलपुंज. सकाळी ऊन चढलं की सगळं मिटून जातं.

गुलबक्षीवर अनुवंशशास्त्राचा एक सुंदर धडा लिहिलेला आहे. मेंडेलचं विसरलेलं काम १९०० मध्ये पुन्हा उजेडात आणणाऱ्यांपैकी जर्मनीचे कार्ल कॉरेन्स यांनी हेच झाड अभ्यासाला घेतलं होतं. शुद्ध लाल आणि शुद्ध पांढऱ्याचा संकर केला तर पुढची पिढी गुलाबी. आता ही गुलाबी झाडं आपसात मिळाली तर? प्रत्येक गुलाबी झाडाकडे रंगाची दोन नाणी आहेत असं समजा, एक लाल, एक कोरं. आई त्यातलं एक देते, बाप एक देतो. लाल-लाल, लाल-कोरं, कोरं-लाल, कोरं-कोरं. चार बिया पेरल्या तर सरासरीनं एक लाल, दोन गुलाबी, एक पांढरं झाड. आठ बिया पेरल्या तर दोन, चार, दोन. प्रत्यक्षात तीन-चार-एकही येईल, कारण बी उधळलेल्या नाण्यासारखं असतं. पिवळा रंग यात मिसळला की प्रकार आणखी वाढतात. शिवाय काही झाडांत रंगाची सूचना देणारं जनुक फूल घडत असतानाच मध्येच बंद-चालू होतं. मग एकाच फुलावर पिवळ्यावर लाल शिंतोडे, अर्धं पांढरं अर्धं राणी, अशी कुणी पिचकारी मारल्यासारखी नक्षी येते. दोन फुलं सारखी येत नाहीत.

६. फाटकावरचा दिवा

दाराच्या बागेची एक अडचण परसाला सहसा नसते. फाटकाशी रात्रभर विजेचा दिवा असतो.

शेवंती आणि ख्रिसमसच्या सुमारास मिळणारं लाल पानांचं पॉइन्सेटिया ही झाडं रात्रीची लांबी मोजतात. रात्र पुरेशी मोठी झाली, तीही अखंड अंधारी, की ती कळीवर येतात. तासगावच्या अक्षांशावर मोठ्यात मोठा दिवस सुमारे १३ तासांचा आणि लहानात लहान ११ तासांच्या थोडा वर. एवढासा फरकही झाडाला पुरतो. गार्नर आणि अलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये हे मांडलं. त्यांना ते सापडलं ते उन्हाळाभर न फुलणाऱ्या तंबाखूच्या एका जातीमुळे.

दिव्याखालच्या शेवंतीला रोज रात्री सांगितलं जातं की अजून दिवस मोठा आहे. ती हिरवीगार राहते, फुलत नाही. फुलांची शेती करणारे शेवंती उशिरा फुलवायला मुद्दाम दिवे लावतात. ड्रॅगनफ्रूटवाले उलट हिवाळ्यात दिवे लावून फुलं काढतात, कारण त्याला मोठा दिवस लागतो. तेव्हा रात्री नऊला फाटकाशी उभं राहून बघा. जिथं पेपर वाचता येईल एवढा उजेड पडतो तिथं शेवंती नको. तिथं ऑफिस टाइम लावा, त्याला रात्रीशी देणंघेणं नाही.

७. तीन सावध सूचना

कासच्या पठारावर जाऊन आलेला माणूस विचारतो, ‘तिथला तेरडा, ती सोनकी, ती टोपली कारवी दारात येईल का?’ येणार नाही. सुमारे १,२०० मीटर उंचीवरचा जांभा, त्यावर बोटभर माती, चार महिने धुकं आणि धार. टोपली कारवी तर सात वर्षांतून एकदा फुलते. २०१२ पासून ते पठार जागतिक वारशात आहे. तिथून उपटलेलं रोप आपल्या चुनखडीत आठवडाभरही जगत नाही, आणि पठारावरची जागा रिकामी होते ती वेगळीच.

रानफूलच हवं तर कळलावी लावा. माळाच्या कुंपणात पावसाळ्यात चढणारी, पानांच्या टोकांनी आधार धरणारी. फूल उलट्या ज्योतीसारखं. आधी हिरवट-पिवळं, मग केशरी, मग लाल. पण तिचा कंद आणि सगळी वेल अत्यंत विषारी आहे. घरात रांगतं मूल असेल, दारात शेळी बांधली असेल, तर तिचा विचार सोडून द्या. कण्हेर आणि बिट्टीलाही हेच लागू.

तिसरी सूचना बागवाल्यांना. गणपतीच्या गावात जास्वंद हवीच. पण जास्वंदीवर पांढऱ्या कापसासारखी बसणारी गुलाबी मिलीबग आणि द्राक्षाच्या घडात शिरणारी मिलीबग ही एकच कीड आहे. घर बागेतच असेल तर जास्वंद बांधापासून लांब ठेवा आणि दर आठवड्याला पानांखालची बाजू बघा.

८. एक अंगण मांडून बघू

पूर्वेला तोंड असलेलं घर, पुढे बारा फूट रुंद अंगण, लिंबू टाकल्यावर माती चरचरते, पाणी बोअरचं, फाटकाशी दिवा. गणपतीच्या रथाला, म्हणजे भाद्रपदातल्या ऋषिपंचमीला, पाहुणे येणार. तेव्हा दार रंगलेलं हवं.

कंपाउंडच्या उन्हाच्या कोपऱ्यात थिम्मा, पाइप पोचणार नाही अशी. तिचा खरा बहर हिवाळ्यात. रथाला ती पानांवर शोभेल. फाटकाच्या कमानीवर मधुमालती. भिंतीशी कोंबडा: पेरणीपासून तुरा भरायला सुमारे तीन महिने, म्हणून जूनच्या सुरुवातीला पेरा. गुलबक्षीला दोन-अडीच महिने लागतात, तीही त्याच आठवड्यात, आणि ओट्याजवळ, कारण ती बघायला बसायचं आहे. दिव्याखालच्या पट्टीत ऑफिस टाइम. बारा फूट लांब आणि एक फूट रुंद पट्टी, सहा इंचांवर एक काडी: फुटाला चार, म्हणजे ४८ काड्या. जुलैच्या मध्यात खोचल्या तरी पुरे. काड्या विकत घेऊ नका, गल्लीत कुणाकडे तरी असतातच. माती जड असेल तर याच पट्टीत निम्मी वाळू आणि स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचं कुजलेलं खत मिसळा. घरातल्या टाकाऊतून माती घडवायची ही रीत श्री. अ. दाभोलकरांनी आयुष्यभर लोकांना शिकवली.

गुलबक्षीचं बी तर विकत मिळवायचं कारणच नाही. भाद्रपद संपता संपता फुलांच्या जागी मिरीएवढे काळे, सुरकुतलेले दाणे दिसू लागतात. हिरव्या वाटीत एकेक दाणा बसलेला असतो आणि नख लागलं की निसटतो. ते कागदाच्या पुडीत ठेवा. पुढच्या ज्येष्ठात शेजारच्या वहिनी मागायला येतील आणि विचारतील, ‘कुठल्या रंगाचं आहे हो?’ त्यांच्या एक्झोऱ्याच्या जागी लावायला पुडी देऊन टाका. रंग भाद्रपदात, संध्याकाळी साडेपाचला कळेल.